क्रिस्टल बोर्डावर बसताना

क्रिस्टलच्या डेटाशीटमध्ये वारंवारतेच्या खालीच आणखी एक आकडा छापलेला असतो: लोड कपॅसिटन्स. तो १८ पिकोफॅरड असतो, किंवा १२.५, क्वचित ६. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी काउंटरवर क्रिस्टल मागणारा ‘सोळा मेगाहर्ट्‌झचा द्या’ एवढेच म्हणतो. हा दुसरा आकडा गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदारही आपण होऊन सांगत नाही. वास्तविक कारखान्याची सगळी हमी त्याच आकड्यावर उभी असते. ‘२५ अंशांना ±२० पीपीएम’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ असा की क्रिस्टलच्या दोन टोकांमध्ये एवढेच पिकोफॅरड असतील तर वारंवारता दहा लाखांत वीस भागांपलीकडे चुकणार नाही. ते पिकोफॅरड जुळवण्याचे काम कारखाना करत नाही, बोर्ड आखणारा करतो. आणि त्याने ते केले नाही तर बोर्ड आपल्या मनाने करतो. क्रिस्टल ऑसिलेटर हा सुटा मिळणारा भाग नसून तो बोर्डावर बसल्यावरच पुरा होतो, त्यामुळे त्याचे ग्राउंडिंग आणि त्याची बैठक ही शेवटी उरकायची कामे नाहीत, सर्किटचाच हिस्सा आहेत, असे या पुस्तिकेचे म्हणणे आहे. ऐकायला ते कोणालाही पटेल असे वाटते. पण ज्या बोर्डांवर क्रिस्टल एका कोपऱ्यात, जागा उरली तिथे, चार सेंटिमीटर ट्रॅक ओढून बसवलेला दिसतो, त्या बोर्डांच्या कर्त्यांना ते पटलेले नसते.

क्वार्ट्‌झच्या इतिहासात बैठकीचा प्रश्न पहिल्यापासून आहे. पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी दाबामुळे स्फटिकावर विद्युतभार येतो हे १८८० मध्ये दाखवले. वॉल्टर केडीने १९२१ मध्ये क्वार्ट्‌झच्या आधाराने स्थिर राहणारा ऑसिलेटर केला. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे अडचण सर्किटाइतकीच पकडण्याचीही होती: जी वस्तू थरथरली पाहिजे तिला धरायचे कुठे? दुसऱ्या महायुद्धातल्या रेडिओ संचांत क्वार्ट्‌झची चकती दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये फक्त कोपऱ्यांवर दाबून, वरून स्प्रिंग लावून बेकेलाइटच्या डबीत बसवत. १९३४ मध्ये आलेल्या एटी-कट चकतीने हा प्रश्न बराच सोपा केला, कारण तिच्यातले कंपन मध्यभागी एकवटते आणि कड जवळजवळ स्वस्थ राहते. कड धरली तरी चालते. सोळा मेगाहर्ट्‌झची अशी चकती जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असते. डबीच्या आतली ही बैठक आता कारखान्याने सोडवलेली आहे. डबीच्या बाहेरची आपल्याकडे राहिली आहे, आणि तिथे मात्र आपण गृहीत धरतो की पत्र्याची डबी म्हणजे हद्द, तिच्याबाहेर क्रिस्टलचा काही संबंध नाही.

हा समज कुठे फसतो ते पिअर्स सर्किटकडे नीट पाहिले की कळते. आज जवळपास प्रत्येक मायक्रोकंट्रोलरच्या आत हेच सर्किट असते: आत एक इन्व्हर्टर, बाहेर क्रिस्टल, आणि क्रिस्टलच्या प्रत्येक टोकापासून ग्राउंडला एकेक कपॅसिटर. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ते दोन कपॅसिटर आपापल्या ग्राउंडच्या चिन्हावर संपतात आणि डोळाही तिथेच थांबतो. प्रवाह मात्र तिथे थांबत नाही. क्रिस्टलमधून निघालेला प्रवाह एका कपॅसिटरमधून ग्राउंडमध्ये उतरतो, ग्राउंडमधून दुसऱ्या कपॅसिटरकडे जातो आणि वर चढून क्रिस्टलच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. म्हणजे त्या दोन कपॅसिटरांमधला ग्राउंडचा तुकडा क्रिस्टलशी सिरीजमध्ये आहे. तो सर्किटखालची जमीन नसून सर्किटमधली तार आहे. एवढे एक ध्यानात आले की ग्राउंडिंगचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात: दोन कपॅसिटरांची ग्राउंडची टोके एकमेकांना जवळ हवीत, तिथून चिपच्या ग्राउंड पिनपर्यंतची वाट आखूड हवी, आणि त्या वाटेवरून दुसऱ्या कोणाचाही प्रवाह जाता कामा नये.

शेवटची अट सर्वांत जास्त मोडली जाते. चाळीतल्या सामाईक मोरीसारखी ग्राउंडची गत होते: वरच्याने बादली ओतली की खालच्याकडे पाणी तुंबते. आकड्यांत सांगायचे तर सेंटिमीटरभर बारीक ट्रॅकचे इंडक्टन्स साधारण १० नॅनोहेन्री धरा. त्याच ट्रॅकवरून एखाद्या आउटपुटचा १०० मिलिअँपिअरचा प्रवाह ५ नॅनोसेकंदांत चालू झाला, तर तेवढ्या क्षणापुरता त्या सेंटिमीटरच्या दोन टोकांमध्ये ०.२ व्होल्टचा फरक पडतो. कमी विजेवर चालणाऱ्या ३२.७६८ किलोहर्ट्‌झच्या ऑसिलेटरच्या इनपुटवर मुळात काहीशे मिलिव्होल्टचीच लाट असते. तिच्यावर ०.२ व्होल्टचा टोला बसला तर चिपला एकाच्या जागी दोन ठोके मोजावेसे वाटले यात तिचा दोष नाही.

हवेतून होणारा त्रास याहून मोठा असतो. शेजारून जाणाऱ्या ३.३ व्होल्टच्या डिजिटल ट्रॅकची आणि क्रिस्टलच्या पायाची जवळीक अवघ्या ०.१ पिकोफॅरडची असली, तरी ५ नॅनोसेकंदांच्या प्रत्येक चढ-उतारासरशी ६६ मायक्रोअँपिअरचा झटका पलीकडे पोचतो. घड्याळाच्या क्रिस्टलला डेटाशीट जास्तीत जास्त १ मायक्रोवॅट शक्ती देऊ देते आणि त्याचा अंतर्गत रोध ५०-७० हजार ओहम असतो. हिशेब केला तर त्याच्यातून वाहणारा स्वतःचा प्रवाह चार-पाच मायक्रोअँपिअरच्या वर जात नाही. परक्याचा झटका घरच्या प्रवाहाच्या दसपटीहून मोठा आहे. म्हणून क्रिस्टलच्या खालून, वरून आणि दोन पायांमधून सिग्नल नेऊ नये हा नियम, आणि म्हणूनच त्याच्याभोवती ग्राउंडची पट्टी.

इथे एक पुरावा असा आहे की तो कोणालाही आपल्या टेबलावर तपासता येतो. घड्याळाचा ट्यूनिंग फोर्क क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो. तापमान वर जावो की खाली, तो मंदच होतो, आणि मंदावण्याचे प्रमाण अंतराच्या वर्गात वाढते: दर अंश-वर्गामागे सुमारे ०.०३४ पीपीएम. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातल्या पेटीच्या आत ६० अंश झाले, तर ३५ अंशांच्या फरकाने घड्याळ सुमारे ४२ पीपीएम, म्हणजे दिवसाला साडेतीन सेकंदांच्या आसपास मागे पडेल. पुढे जाणार नाही. लोड कपॅसिटन्स चुकल्याने दोन्हीकडे चूक होऊ शकते, १२.५ पिकोफॅरडचा क्रिस्टल ६ पिकोफॅरड देणाऱ्या चिपला जोडला तर घड्याळ दिवसाला आठ-दहा सेकंद पुढे जाईल. पण घड्याळ दिवसाला दोन-तीन मिनिटे पुढे पळत असेल, तर ते ना तापमानाने होऊ शकते ना चुकीच्या भाराने. तिथे जास्तीचे ठोके मोजले जात आहेत, आणि ते ग्राउंडमधून किंवा शेजारच्या ट्रॅकवरून येत आहेत. रिलेच्या बोर्डावर हे लक्षण फार दिसते, आणि पहिला इलाज म्हणून बहुतेक जण क्रिस्टल बदलतात. नवा क्रिस्टलही तितकाच पळतो.

महावितरण औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळा दर लावते. अशा मीटरमधले घड्याळ सरकले तर युनिट बरोबर मोजले जाऊनही चुकीच्या वेळेच्या खात्यात पडतात. काही पिकोफॅरडांची गोष्ट बिलाच्या रुपयांत दिसते ती अशी.

आता डबीकडे. एचसी-४९ ची पत्र्याची डबी आतल्या क्वार्ट्‌झपासून तुटलेली, दोन्ही पायांपासून काचेच्या मण्यांनी अलग केलेली असते. ती तशीच अधांतरी ठेवली, तर दोन्ही पायांना आणि आजूबाजूच्या सगळ्यांना थोड्या थोड्या कपॅसिटन्सने जोडलेला धातूचा एक तुकडा हवेत उभा राहतो. तो सर्किटची लाट बाहेर फेकतो, बाहेरची आत घेतो, आणि त्याच्याजवळ बोट नेले की वारंवारता हलते. डबी ग्राउंड केली की पायापासून डबीपर्यंतचे कपॅसिटन्स नाहीसे होत नाही. पण ते ठरावीक होते, बोट आले-गेले तरी बदलत नाही. ग्राउंडिंगचा खरा उपयोग हा आहे. क्रिस्टलला शांत करणारी काही शक्ती ग्राउंडमध्ये नसते. ते भोवतालची अनिश्चितता काढून तिथे एक आकडा बसवते, आणि जो आकडा ठाऊक आहे तो हिशेबात धरता येतो.

याला अनुभवी लोकांचा एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे: डबीला सोल्डर करू नका, क्रिस्टल मरतो. तो खरा कधी आणि खोटा कधी हे पाहायला हवे. क्वार्ट्‌झ स्वतः ५७३ अंशांपर्यंत आपली जात सोडत नाही, सोल्डरिंगच्या तापमानाची त्याला पर्वा नाही. नाजूक असतात ते आतले आधार, त्यांना धरणारी चिकट पेस्ट आणि डबीचे सील. घड्याळाच्या दंडगोल क्रिस्टलमध्ये आत निर्वात असते. त्याच्या नळीला लोखंड टेकवून ठेवले तर सील सैल होते, हवा शिरते, फोर्क हवेत जड हलतो आणि ऑसिलेटर कधी चालू होतो, कधी होत नाही. अशा क्रिस्टलला सोल्डर नकोच. नळी बोर्डावर आडवी झोपवून तिच्याखाली ग्राउंडचे तांबे ठेवावे आणि वरून पातळ तार आवळून तारेची टोके दोन्ही बाजूंना ग्राउंडमध्ये सोल्डर करावीत. एचसी-४९ च्या बाबतीत थोडे धैर्य चालते, पण पद्धतीने: डबीच्या खालच्या कडेजवळ, जिथे पत्रा दुमडलेला असतो तिथे एक बिंदू चटकन टिनिंग करून घ्यायचा, उघडी तार तिथे एका स्पर्शात चिकटवायची, आणि लोखंड मोठ्या टोकाचे व चांगले तापलेले असावे. लहान टोकाचे गार लोखंड जास्त घातक, कारण ते दहा सेकंद धरून ठेवावे लागते. याहून बरा मार्ग म्हणजे डबीला जोडलेला तिसरा पाय असलेला क्रिस्टलच घेणे. डबीखाली प्लॅस्टिकची चकती घालायला मात्र विसरू नये; पत्र्याची कड हिरव्या मास्कवर टेकली की कधीतरी तो मास्क घासला जातो आणि खालच्या ट्रॅकशी शॉर्ट होतो. पाय वाकवायचे असतील तर काचेच्या मण्याला लागून नव्हे, थोडे खाली चिमट्याने धरून.

एसएमडी क्रिस्टलमध्ये हा सगळा खटाटोप संपला असे वाटते, आणि तिथेच नवी चूक होते. ३२२५ आकाराच्या चार पॅडच्या क्रिस्टलमध्ये क्वार्ट्‌झ कर्णावरच्या दोन पॅडना जोडलेला असतो. उरलेले दोन बहुधा वरच्या झाकणाला. ते ग्राउंड करायचे असतात. काही जण ते मोकळे सोडतात, काही त्यांच्यावरून जवळची वाट म्हणून दुसराच सिग्नल नेतात. आणि ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे: काही उत्पादनांत ते पॅड कशालाच जोडलेले नसतात, तेव्हा डेटाशीटमधली खालून पाहिलेली आकृती उघडूनच काम करावे.

दुसरा आक्षेप पहिल्याच्या उलट दिशेने येतो. ग्राउंड जवळ आणले की कपॅसिटन्स वाढते, वारंवारता खाली येते, मग क्रिस्टलखालचे ग्राउंड काढूनच टाकावे, असे म्हणणारेही जाणते असतात. त्यांचे म्हणणे मोजून पाहू. दीड मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर लांब पॅड-ट्रॅक घेतला आणि दोन थरांच्या १.६ मिलिमीटर जाड एफआर-४ बोर्डाच्या पाठीमागे ग्राउंड ठेवले, तर कडेचा विस्तार सोडून ०.१८ पिकोफॅरड भरते. हे विसरून जावे इतके कमी आहे. चार थरांच्या बोर्डात मात्र ग्राउंड फक्त ०.२ मिलिमीटरवर असू शकते. तिथे तेच पॅड जवळजवळ दीड पिकोफॅरडचे होते. दोन टोकांची दोन कपॅसिटन्स क्रिस्टलच्या दृष्टीने सिरीजमध्ये येतात, म्हणून लोडमध्ये भर पडते ती पाऊण पिकोफॅरडची. मेगाहर्ट्‌झ श्रेणीतला नेहमीचा क्रिस्टल १८ पिकोफॅरडच्या आसपास दर पिकोफॅरडमागे दहा-अकरा पीपीएम सरकतो. म्हणजे चूक सुमारे आठ पीपीएमची, दिवसाला सेकंदापेक्षा कमी. ६ पिकोफॅरडच्या घड्याळ-क्रिस्टलमध्ये संवेदनशीलता तिपटीच्या घरात जाते, तिथे हाच पाऊण पिकोफॅरड वीस पीपीएमहून अधिक हलवतो. तेव्हा आक्षेप खोटा नाही, पण त्यावरचा उपाय ग्राउंड काढणे हा नव्हे. बाहेरचे दोन कपॅसिटर तेवढ्याने कमी करावेत. १८ पिकोफॅरडचा लोड हवा आणि पॅड, पिन, ट्रॅक मिळून ५ पिकोफॅरड आधीच असतील, तर उरलेल्या १३ साठी प्रत्येकी २६, म्हणजे बाजारात मिळणारे २७ पिकोफॅरडचे कपॅसिटर लागतात. भोवतालचे पिकोफॅरड वाढले तर २४ किंवा २२. चार थरांत पॅडच्या अगदी खालच्या थरातले तांबे कापून त्याखालच्या थरातले ठेवणे हाही सुज्ञ मार्ग आहे. सगळ्याच थरांतून खिडकी कापणे म्हणजे बाहेरच्या गोंगाटाला दार उघडणे.

ग्राउंडला खंदक खणून क्रिस्टलचे बेट वेगळे करावे की अखंड प्लेन ठेवावे, यावर तंत्रज्ञांत दोन तट आहेत. आमचा कल अखंड प्लेनकडे आहे. बेटाची कल्पना वाईट नाही, पण ती राबवताना खंदकावरून कोणीतरी एखादा ट्रॅक नेतोच, आणि त्या ट्रॅकचा परतीचा प्रवाह खंदकाला वळसा घालून नको तिथून फिरतो. वरच्या थरात कपॅसिटरांपुरते ग्राउंडचे तांबे, ते चिपच्या ग्राउंड पिनशी रुंद जोडलेले, आणि खाली न फाटलेले प्लेन, एवढे पुरते.

‘पण असे काही न करता हजारो बोर्ड चालतातच की’ हा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत टिकाऊ. चालतात हे खरेच. ८०५१ वर ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लावून ९६०० बॉडचा सीरियल संवाद विद्यार्थी पहिल्या आठवड्यात करतात, तेही ब्रेडबोर्डवर, जिथे शेजारच्या दोन ओळींमध्येच काही पिकोफॅरड असतात. पण सीरियल संवाद दीड-दोन टक्के चूक पोटात घालतो. दोन टक्के म्हणजे वीस हजार पीपीएम. तिथे पन्नास पीपीएमची चूक कोणाला दिसणार? तेच पन्नास पीपीएम घड्याळात दिवसाला चार सेकंदांहून जास्त होतात आणि साठत जातात, २.४ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओत १२० किलोहर्ट्‌झ होतात. शिवाय टेबलावर चालणे आणि पावसाळ्यात चालणे वेगळे. धुतला न गेलेला फ्लक्स कोरडा असताना निरुपद्रवी असतो. कोकणातल्या जुलैत तो ओल धरतो. घड्याळ-ऑसिलेटरमधला फीडबॅक रोध दहा मेगाओहमच्या घरात असताना दोन पायांमध्ये काही मेगाओहमची गळती झाली की तो सुरूच होत नाही. लॅकरचा थर द्यावा तर तोही वारंवारता थोडी हलवतो, म्हणून जुळवणी लॅकरनंतर करावी. साफसफाईसाठी अल्ट्रासॉनिक टाकी वापरत असाल तर घड्याळाचे क्रिस्टल त्यानंतर बसवा: टाकीची वारंवारता बहुधा ४० किलोहर्ट्‌झच्या आसपास असते, फोर्कची ३२.७६८, आणि इतक्या जवळच्या थरथरीने आतला फोर्क तुटू शकतो असे उत्पादक स्वतः डेटाशीटमधून बजावतात.

तयार ऑसिलेटर मोड्यूल किंवा सिलिकॉनचा एमईएमएस ऑसिलेटर घेतला तर लोड कपॅसिटन्सची भानगड खरोखर सुटते, आणि जिथे किंमत परवडते तिथे तो घ्यावा. ग्राउंडचा प्रश्न मात्र राहतो. त्याला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी पिनला लागून लागतो, आणि त्याची चौकोनी, तीक्ष्ण कडांची लाट बोर्डभर नेणे हे क्रिस्टलच्या कोपऱ्यातल्या साइनलाटेपेक्षा जास्त गोंगाटाचे काम आहे. एमईएमएसचे आपले दुखणेही आहे: २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका रुग्णालयात एमआरआय यंत्रातला हेलियम गळला आणि आसपासचे आयफोन बंद पडले, हेलियमचे अणू एमईएमएस ऑसिलेटरच्या सीलमधून आत शिरल्याचे त्यामागचे कारण मानले गेले. भोवतालापासून सुटका तिथेही नाही.

पुढच्या प्रकरणांतली मोजमापे पडताळून पाहताना एक खबरदारी घ्यावी. ऑसिलोस्कोपचा १०x प्रोब सोबत १०-१५ पिकोफॅरड घेऊन येतो. तो क्रिस्टलच्या पायावर टेकवला की त्या बाजूचे कपॅसिटन्स बरेच वाढते आणि लोड बदलतो. मग चालता ऑसिलेटर बंद पडतो, किंवा बंद असलेला प्रोब लावताच सुरू होतो आणि काढला की पुन्हा थांबतो. या दुसऱ्या प्रकाराने अनेकांना प्रोबच दुरुस्त करतो असे वाटले आहे. प्रत्यक्षात मूळ लोड किंवा ग्राउंड बिघडलेले असल्याची ती खूण असते. म्हणून क्रिस्टलच्या पायावर मोजू नये. बहुतेक मायक्रोकंट्रोलर घड्याळ एखाद्या पिनवर बाहेर देऊ शकतात. डीएस१३०७ सारख्या आरटीसीच्या एसक्यूडब्ल्यू पिनवर १ हर्ट्‌झ किंवा ३२.७६८ किलोहर्ट्‌झ मिळते, फक्त त्या पिनला वर ओढणारा रेझिस्टर लावावा लागतो. ते सिग्नल जीपीएस मोड्यूलच्या दर सेकंदाच्या ठोक्याशी ताडून पाहावे, शक्यतो पेटीचे झाकण लावून, सर्व रिले चालू-बंद होत असताना, आणि एकदा सकाळी व एकदा भर दुपारी.